बोटांचा रंग : नेहमीचा

हॉस्पिटलात मला सगळे मिस्त्री म्हणतात. माझं काम प्लास्टर घालण्याचं आहे, माणसांना. भिंतींना घालणाऱ्यांपेक्षा ते थोडं अवघड असतं, कारण भिंत कण्हत नाही आणि काम चालू असताना मेव्हण्याला फोन लावत नाही. पण भिंतवाल्यांचं एक बरं आहे. त्यांचं काम राहतं. माझं दीड महिन्यानं कापून कचऱ्यात जातं, आणि ते कापून घेताना माणूस जेवढा खूश असतो तेवढा घालून घेताना मी आजवर एकही पाहिलेला नाही.

बाबा माझ्या नोकरीचं वर्णन एका वाक्यात करायचे. कुणी विचारलं की पोरगा काय करतो, तर म्हणायचे, लोकांना चुना लावतो. त्यात राग नव्हता. तीन वर्षं तोच विनोद करत होते, एवढंच, आणि तीन वर्षांत माझं काम बघायला एकदाही आले नव्हते. तेही बरंच होतं म्हणा. आमच्याकडे येणारा माणूस काहीतरी मोडूनच येतो.

बाबा रंगारी. सुताच्या लडी निळीच्या हौदात बुडवायच्या, काढायच्या, वाऱ्यावर धरायच्या, पुन्हा बुडवायच्या. बत्तीस वर्षं हेच. हौदातला रंग तयार झालाय की नाही हे ते उजव्या हाताची बोटं बुडवून, अंगठा बोटांवर चोळून ठरवत. कारखान्यात एक थर्मामीटर होतं, काकांनी हौसेनं आणलेलं. ते खिळ्याला टांगलेलं असे आणि त्याच्यावर टॉवेल वाळत असे. बाबांचे तळवे निळे, नखं काळपट निळी, नखांच्या कडा जवळजवळ जांभळ्या. साबण, रॉकेल, लिंबू, सगळं करून झालं होतं. लहानपणी मला वाटायचं, मोठं झाल्यावर सगळ्याच पुरुषांचे हात निळे होतात, दाढी येते तसे.

आई त्याच कारखान्यात रंग जुळवते. गिऱ्हाईक एक चिंधी घेऊन येतं, म्हणतं हाच रंग पाहिजे. आई ती खिडकीपाशी नेते आणि सांगते, हा तीन बुडीचा आहे, किंवा चार बुडी आणि नंतर उन्हात विसरलेला आहे. तिला निळ्यात अकरा रंग दिसतात. मला दोन दिसतात, निळा आणि खूप निळा.

त्या शनिवारी सकाळी साडेनऊला बाबा हौदाच्या कडेला घसरले आणि उजव्या हातावर पडले. काका त्यांना टेम्पोत घालून आमच्याकडे घेऊन आले. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, कारखान्यातला अर्धा मालक आणि बोलण्यातला पूर्ण. एक्स-रेच्या रांगेत उभं राहून त्यांनी हकीकत सांगायला सुरुवात केली तेव्हा दादा ओल्या फरशीवर घसरला होता. रांग पुढे सरकली तसा दादा शिडीवरून पडला. फिल्म हातात आली तोपर्यंत दादानं एका कामगाराला वाचवलं होतं. फिल्ममध्ये मात्र एवढंच दिसत होतं की मनगटाजवळचं हाड मोडून मागच्या बाजूला सरकलंय.

मॅडमनी ते बसवलं. मॅडम म्हणजे आमच्या हाडांच्या डॉक्टर. बुटक्या आहेत, पण त्यांनी हात धरून ओढला की मोठमोठी माणसं आपल्या सगळ्या चुका आठवायला लागतात. आधी त्यांनी मोडलेल्या जागी भुलीचं इंजेक्शन दिलं, मग मी कोपर धरलं आणि त्यांनी पंजा ओढला. बाबा छताकडे बघत राहिले. हाड जागेवर आलं. मॅडम हातमोजे काढता काढता मला म्हणाल्या की आज स्लॅब, पूर्ण प्लास्टर आठवड्यानं, आणि ऑपरेशनला निघून गेल्या.

स्लॅब म्हणजे अर्धं प्लास्टर. हाताला एका बाजूनं पन्हळीसारखा आधार, आणि वरून नुसती गुंडाळलेली पट्टी. ताजं मोडलेलं हाड पहिले दोन दिवस सुजत जातं. त्या सुजेला कुठेतरी जागा लागते. पट्टी तिला जागा देते. चारी बाजूंनी पक्कं केलेलं प्लास्टर देत नाही. ते दगड असतं. मग सूज आतल्या आत दाबायला लागते, आधी रक्ताची वाट, मग नसा. हे मी दिवसातून चार जणांना समजावतो. झोपेत समजावतो असं आई म्हणते.

मी बाबांनाही समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, अर्धंच का?

काका दाराला टेकून उभे होते. ते म्हणाले, "माल संपला असेल."

"अर्ध्यात काढलेली लड मी कधी कुणाला दिलीय का?" बाबा म्हणाले. मला नाही, काकांना. "लोक काय म्हणतील? रंगाऱ्याचा पोरगा, आणि बापाचाच हात अर्धा रंगवून पाठवला."

इथे मी सांगायला हवं होतं की हात रंगवायचा नाहीये. पण मी तीन वर्षं वाट बघत होतो. माझ्या टेबलावर पहिल्यांदाच माझा बाप बसला होता, भूल चढल्यामुळे दुखत काहीच नव्हतं, आणि तो माझ्या हातांकडे बघत होता. चुना लावतो म्हणणारा माणूस. मी स्वतःशी हिशेब केला की मॅडम सोमवारपर्यंत काही बघणार नाहीत आणि सोमवारी सूज उतरलेली असेल. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात त्याचा हा वेगळा प्रकार. मला पूर्ण हळकुंड लागलं.

मी पूर्ण प्लास्टर घातलं.

खोटं कशाला बोलू, ते माझ्या आयुष्यातलं सर्वात सुंदर प्लास्टर होतं. कापूस एकच थर घेतला, कारण दोन थरांनी हात उशीसारखा दिसतो. पट्टी पाण्यात बुडवली, बुडबुडे थांबेपर्यंत धरली, अलगद पिळली. बाबांनी मान हलवली. बुडवणं आणि पिळणं त्यांना कळतं. एकेक वेढा निम्म्यावर निम्मा बसवत कोपराच्या खालपासून बोटांच्या मुळापर्यंत आणला, आणि तळहातानं घोटत राहिलो, घोटत राहिलो, शेवटी दिव्याचा उजेड त्याच्यावरून घसरायला लागला. काकाही दार सोडून जवळ आले. बाबांनी डाव्या हाताच्या बोटानं ते वाजवून पाहिलं आणि फक्त हं म्हणाले. त्या हं वर मी दोन वर्षं काढली असती.

मग फॉर्म. आमच्याकडे प्लास्टर झालं की फॉर्म भरतात. बोटांचा रंग, बोटांचं तापमान, स्पर्श कळतो का. रंग बघायचा म्हणजे नख दाबून सोडायचं. दाबलं की पांढरं पडतं, सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी होतं. मी बाबांचं नख दाबलं. निळं होतं. सोडलं. निळंच होतं. मी लिहिलं, नेहमीचा. तापमान, बोटं गार होती. पाण्यात काम करणाऱ्याची असतातच. लिहिलं, नेहमीचं. स्पर्शापुढे लिहिलं, इंजेक्शन दिलेलं आहे. बाहेरचा माणूस असता तर मी तीनदा तपासलं असतं. घरचा असल्यामुळे सगळ्या परीक्षांत तो ओळखीवर पास झाला. सूचनांचा कागद मी प्रत्येक पेशंटला वाचून दाखवतो. बाबांच्या तो फक्त खिशात घातला. बापाला काय वाचून दाखवायचं.

शनिवारी अर्धा दिवस असतो. एक वाजता प्लास्टर रूमला कुलूप लावलं आणि मीही त्यांच्याबरोबर घरी गेलो.

घरी प्रदर्शन भरलं. शेजारपाजारचे आले, जिन्यातले आले. प्रत्येकानं प्लास्टर वाजवून पाहिलं, कलिंगड वाजवतात तसं. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी चष्मा लावून कडा तपासल्या आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की आमच्या मोरीच्या कोपऱ्याचा पोपडा निघालाय, तू रविवारी मोकळा असतोस का. बाबा खुर्चीत बसून प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होते, "पोरानं केलंय." चौघांना सांगितलं. मी मोजत होतो.

अडीचला भूल उतरली. आता दुखणारच, मी म्हणालो, आणि गोळी दिली. तीनला त्यांनी दुसरी मागितली. बाबा गोळ्या मागणारे नाहीत. एकदा दाढ काढून आले होते आणि तसेच कामावर गेले होते. मी हाताखाली उशी दिली. ते ती काढून ठेवत आणि पुन्हा घेत. बोटं थोडी फुगली होती. पावणेचारला आईनं चहा दिला तो पुढ्यात गार झाला.

"आत कुणीतरी पिळतंय," ते म्हणाले. "लडी पिळतात ना, दोन बाजूंनी धरून. तसं."

मी म्हणालो, पहिल्या दिवशी असं होतंच.

मला कोणतं दुखणं होतं आणि कोणतं होऊ नये हे पाठ आहे. हाडाचं दुखणं गोळीनं कमी होतं. दुसरं दुखणं गोळीला भीक घालत नाही, वाढतच जातं. तोंडपाठ. कुणी मध्यरात्री उठवलं तरी म्हणून दाखवीन. पण तेव्हा ते मला आठवू द्यायचं नव्हतं. आठवलं असतं तर सगळ्यांसमोर ते प्लास्टर कापावं लागलं असतं, आणि नुकतंच चौघांना सांगून झालं होतं.

बाबांचा सदरा बाही कापून काढला होता, तो धुवायला टाकण्याआधी आईनं खिसा तपासला आणि कागद सापडला. तिनं तो मोठ्यानं वाचायला घेतला. प्लास्टर भिजवू नये. आत सळई घालून खाजवू नये. मग ती वाचता वाचता थांबली आणि पुढची ओळ हळू वाचली, "बोटे निळी पडल्यास त्वरित रुग्णालयात यावे."

काका सगळ्यात आधी हसले. म्हणाले, मग दादानं बत्तीस वर्षांपूर्वीच यायला पाहिजे होतं. मावशी हसल्या. मी हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. बाबासुद्धा एका बाजूनं हसले. खोलीतली ती शेवटची बरी मिनिटं होती, आणि ती जरा लांबावीत म्हणून मीच वर म्हणालो की कारखान्यातले सगळेच्या सगळे भरती करून घ्यावे लागतील.

आई हसली नाही. "अहो, जरा उठा," ती म्हणाली आणि बाबांना खिडकीपाशी घेऊन गेली. त्यांची दोन्ही हातांची बोटं तिनं उजेडात शेजारीशेजारी धरली, गिऱ्हाइकाची चिंधी धरते तशी. डावी बघितली. उजवी बघितली. थुंकी लावून उजवं नख घासलं. पुन्हा बघितलं.

"हा आपला निळा नाही," ती म्हणाली.

ती माझ्याकडे वळली आणि अगदी कामातल्या आवाजात म्हणाली, "वरचा आपला आहे. त्याच्या खालून दुसरा येतोय."

मी गेलो. बाबांचं मधलं बोट धरलं आणि हळूच सरळ केलं, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं. बाबांच्या तोंडून जो आवाज आला तो मी घरात कधी ऐकला नव्हता. काकांचं हसणं अजून पूर्ण संपलं नव्हतं. ते तसंच तोंडावर राहिलं, काढायचं कसं ते त्यांना कळेना. बोट सरळ केल्यावर असं दुखणं ही त्या कागदावरची पाचवी ओळ आहे. मी बाकीच्या चार बघितल्याच नव्हत्या.

टेम्पोत ओल्या लडी भरलेल्या होत्या. बाबांना पुढे बसवलं तर धक्के बसत, म्हणून मागे लडींवर बसवलं आणि मी त्यांचा हात छातीच्या उंचीवर धरून बसलो, वर नाही, खाली नाही. दोघांच्याही विजारी निळ्या होत होत्या. आई पुढे काकांशेजारी बसली होती. काका आयुष्यात पहिल्यांदा काही बोलत नव्हते, नुसता हॉर्न वाजवत होते, रस्ता मोकळा असला तरी. एकदा त्यांनी मागे वळून विचारलं की हॉर्न वाजवू का. बाबा डोळे मिटून बसले होते. मी त्यांना विचारलं की मुंग्या येतायत का. ते म्हणाले, मघाशी येत होत्या, आता थांबल्या, म्हणजे बरं वाटायला लागलं असणार. मी हो म्हणालो. मुंग्या थांबणं चांगलं नसतं. ते पण कागदावर आहे.

हॉस्पिटलात पोहोचल्यावर मी पहिल्यांदा मॅडमना निरोप धाडला आणि प्लास्टर रूम उघडली. प्लास्टर कापायची मशीन आवाजाला राक्षसासारखी असते, पण तिचं पातं फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं; कडक असेल ते कापतं, कातडीला काही करत नाही. हे मी सगळ्यांना हसत सांगतो आणि स्वतःच्या तळहाताला पातं लावून दाखवतो. त्या दिवशी काही दाखवलं नाही. एका बाजूनं कोपरापासून खाली कापलं, मग दुसऱ्या बाजूनं. फाकवणीनं फाकवलं. ते कडकडत उघडलं आणि आतला हात भिजलेल्या पावासारखा फुगून वर आला. कापूस घामानं आवळून बसला होता, तोही कात्रीनं कातडीपर्यंत कापला. कापसाच्या सुरकुत्यांचे ठसे हातावर उमटले होते. आई जवळ उभी राहून बोटांकडे बघत होती. मी तिला विचारलं, "बदलतोय का?" ती म्हणाली, थोडा. मग म्हणाली, अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन नाही.

मॅडम आल्या. त्यांनी बाबांची बोटं सरळ करून पाहिली, कोपराखालचा मांसल भाग दाबून पाहिला, नाडी पाहिली. मग टेबलावर पडलेल्या प्लास्टरच्या दोन अर्ध्या कवच्या त्यांना दिसल्या. त्यांनी त्या उचलल्या आणि एकमेकींना जोडून पाहिल्या. जोडून पूर्ण गोल झाला. सगळं तिथंच कळलं. माझं काम इतकं नीट होतं की फट दिसत नव्हती.

बाबा म्हणाले, "मी हट्ट केला. तो नाही म्हणत होता."

मी नाही म्हणालोच नव्हतो.

मॅडमनी कवच्या खाली ठेवल्या आणि माझ्याशी न बोलता आईशी बोलल्या. म्हणाल्या, आतला दाब बराच होता, आता मोकळा केलाय. काही वेळा एवढ्यानं भागतं. भागलं नाही तर हात उभा उघडावा लागेल, आतलं आवरणसुद्धा, म्हणजे स्नायूंना श्वास मिळेल. आणि ते लवकर करावं लागेल, उशीर झाला तर बोटं राहतात पण कामाची राहत नाहीत. अर्धा तास बघू. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"दर दहा मिनिटांनी डोळे मिटायला सांगून स्पर्श विचार आणि लिही. मी पलीकडच्या टेबलावर आहे." थोडं थांबून म्हणाल्या, "उघडावं लागलं तर का लागलं ते मला लिहून वर पाठवावं लागेल. तुला माहीत आहे ना?"

मला माहीत होतं. बाबांनी ते ऐकलं.

पहिली दहा मिनिटं. मी सुईची बोथट बाजू घेतली आणि बाबांना डोळे मिटायला सांगितलं. करंगळी त्यांना लगेच कळली. शेजारचं बोट कळलं. मधल्याला त्यांनी नाही म्हटलं, अंगठ्याला नाही, पहिल्या बोटाला नाही. मी लिहिलं.

दुसऱ्या दहा मिनिटांनी मी मधल्या बोटाला स्पर्श केला आणि ते म्हणाले, मधलं. मग अंगठा. अंगठा, ते म्हणाले. पहिलं बोट. पहिलं, ते म्हणाले. मी स्टुलावर बसलो. आई बाहेर काकांपाशी गेली होती, तिला सांगायला उठणार, तेवढ्यात सहज, उगाच, हिशेबाच्या सवयीनं म्हणा, मी सुई त्यांच्या हातापासून वीतभर लांब धरली आणि विचारलं, "आता?"

"मधलं," बाबा म्हणाले. डोळे घट्ट मिटलेले.

मी सुई तशीच हवेत धरून ठेवली. "आता?"

"अंगठा. चांगलं कळतंय."

पडद्यापलीकडून मॅडमनी विचारलं की कसं आहे.

बाबांनी डोळे उघडले. सुई कुठे आहे ते त्यांना दिसलं. मला वाटलं ओशाळतील. ते उलट पुढे वाकले आणि कुजबुजले, "सांग बरं आहे. तीन बोटं काय, डाव्या हातानं शिकेन. तुझी नोकरी जाईल, वेड्या."

"बाबा, तुम्ही हौद कसा बघणार?"

"थर्मामीटर आहे ना."

ते थर्मामीटरबद्दल पहिल्यांदाच चांगलं बोलत होते. माझ्या पुढ्यात फॉर्म होता. स्पर्शाच्या रकान्यात नेहमीचा लिहिलं असतं तरी चाललं असतं, सही माझीच होती. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवून मला लिही अशी खूण केली, लहानपणी शुद्धलेखन घेताना करत तशी.

"मॅडम," मी म्हणालो. आवाज बारीक निघाला म्हणून पुन्हा म्हणालो. "मॅडम, ते खोटं सांगतायत. तीन बोटांना काहीच कळत नाहीये. आणि हट्ट त्यांनी केला नव्हता. मला छान करून दाखवायचं होतं."

"तुला विचारलं होतं का कुणी?" बाबा ओरडले. पडद्यापलीकडे कुणाच्या तरी हातातली बशी पडली.

पुढचं फार वेगात झालं. सह्या झाल्या. बाबांनी डाव्या हातानं सही केली, ती कुणाचीही वाटली असती. त्यांना आत नेईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. काकांना मात्र ढकलगाडीवरून सांगत होते की मधल्या हौदात सोमवारचा माल आहे, झाकण उघडं ठेवू नको. काकांनी सगळ्याला हो म्हटलं. दार बंद झाल्यावर ते आईला म्हणाले की दादाला माझ्यावर भरवसा नाही हे चांगलं लक्षण आहे, म्हणजे तो शुद्धीवर आहे. आईनं त्यांना पाणी आणायला पिटाळलं. मग ती बाकावर माझ्या शेजारी बसली. मला वाटलं आता बोलेल. तिनं माझ्या विजारीवरचा डाग दोन बोटांत धरला आणि म्हणाली, हा निघणार नाही.

तासाभरानं मॅडम बाहेर आल्या. म्हणाल्या, स्नायूंना रंग आलाय, उघडल्यावर समोरच आला. हात जखम न शिवता तसाच ठेवलाय, चार दिवसांनी शिवू. खालून स्लॅब दिलीय. कोणी दिली ते मी विचारलं नाही. बोटांचं काय, आईनं विचारलं. मॅडम म्हणाल्या की नसा हळू असतात, मी आज वचन देत नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या की रिपोर्ट सोमवारी लिहीन, आणि सोमवारपासून तू स्टोअरला बस. मी हो म्हणालो. स्टोअरमध्ये पट्ट्या रचून ठेवायच्या असतात. त्या कुणाच्या अंगावर नसतात तेव्हा किती गरीब दिसतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तीन दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. मी स्टोअरमधून सुटलो की जाऊन खाटेपाशी बसायचो. ते मला पाठ दाखवू शकत नव्हते, कारण हात दोन उशांवर होता, म्हणून डोळे मिटून घ्यायचे. आले-गेले विचारायचे की ते आधीचं प्लास्टर कुणी केलं होतं. ते काही सांगत नसत.

चौथ्या दिवशी हात शिवला आणि संध्याकाळी सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. दुसऱ्या खाटेवरून त्यांना हाक आली, म्हणून सुई माझ्या हातात देऊन म्हणाल्या, मिस्त्री, तेवढं विचारून ठेव, मी लिहिते. मी म्हणालो, मला बंदी आहे. त्या म्हणाल्या, प्लास्टरला आहे, विचारायला नाही.

बाबांचे डोळे मिटलेलेच होते. मी सुई ठेवून दिली. नुसत्या बोटानं अंगठ्याला हात लावला.

"नाही," बाबा म्हणाले. चार दिवसांतला पहिला शब्द.

पहिलं बोट.

"नाही."

मी थांबलो. काहीच केलं नाही, हात मांडीवर ठेवून बसलो. बराच वेळ गेला.

"आता कुठंच लावलेला नाहीस," ते म्हणाले.

मग मी मधल्या बोटाच्या टोकाला हात लावला. त्यांच्या कपाळावर आठी पडली, हौदात बोटं घालून उभे राहिले की पडते तशी. मी हात काढला नाही. सिस्टर परत आल्या आणि पेन उघडून उभ्या राहिल्या.

"नख टोचतंय," बाबा म्हणाले. "काप ते."